बडोद्यात बसून ध्रुवीय माशांचा अभ्यास: नाव, नकाशा आणि जनुकं, पायरीपायरीने

प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रकल्पाचा विषय निवडताना बडोद्यातली मुलं बहुधा विश्वामित्री, आजवा नाहीतर महीच्या मासळीकडे वळतात. त्यात चूक काही नाही, नमुना हाताशी असतो. पण ध्रुवीय माशांची एक सोय आहे. त्यांच्या आढळाच्या नोंदी आणि डीएनए सिक्वेन्स गेली कित्येक वर्षं सार्वजनिक भांडारांत साठत आले आहेत आणि ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि रोजचे दोन तास दिले तर अडीच-तीन महिन्यांत एका प्रजातीवर नीट काम उभं राहतं.

या वेळाचा हिशेब आधीच समजून घ्या. सॉफ्टवेअर चालवायला अर्धा दिवस पुरतो. त्याच्या पोटात घालायचा तक्ता स्वच्छ करायला सहा-सात आठवडे जातात. हे प्रमाण ज्यांनी उलटं केलं त्यांचे नकाशे देखणे होतात आणि खोटे निघतात.

आधी प्रश्न

‘ध्रुवीय माशांची जनुकीय विविधता’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: बॅरेंट्स समुद्रातल्या आणि अलास्काच्या उत्तरेला असलेल्या ब्यूफोर्ट समुद्रातल्या बोरिओगाडस सायडा या माशांत सीओआय (मायटोकॉन्ड्रियातलं, प्रजाती ओळखायला वापरलं जाणारं ‘बारकोड’ जनुक) या जनुकाच्या पातळीवर फरक दिसतो का? एक प्रजाती, एक जनुक, दोन-तीन जागा. एवढं पुष्कळ झालं.

दोन्ही ध्रुव एकाच प्रकल्पात कोंबू नका. उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र आहे. तिथे कॉडच्या कुळातले मासे, स्कल्पिन, ईलपाउट, स्नेलफिश अशी निरनिराळी घराणी राहतात आणि त्यातल्या बऱ्याच प्रजातींचे नातलग खालच्या, उबदार अक्षांशांतही आहेत. दक्षिणेला नेमकं उलट: मधे खंड, भोवती अंटार्क्टिकाला वळसा घालणारा प्रवाह, आणि उथळ पट्ट्यावर नोटोथेनिऑइड या एकाच गटाचं राज्य. हा गट तिथेच फुटत, पसरत गेला. त्यामुळे उत्तरेत ‘कोण कुठून आलं’ हा प्रश्न रंगतो, तर दक्षिणेत ‘एकातून इतके कसे झाले’ हा.

पहिल्यांदाच करत असाल तर उत्तरेतला बोरिओगाडस सायडा घ्या. जेमतेम वीतभर लांबीचा हा मासा बर्फाखाली राहतो, सगळ्या आर्क्टिकभर पसरला आहे, सील आणि समुद्रपक्ष्यांचं मुख्य खाद्य आहे, म्हणून त्याच्यावर नोंदी भरपूर. दक्षिण हवीच असेल तर प्लुराग्रामा अंटार्क्टिका हा चंदेरी मासा किंवा डिसोस्टिकस मॉसनी हा मोठा टूथफिश ठीक. ट्रेमॅटोमस आणि पोगोनोफ्रिने या वंशांच्या वाटेला पहिल्या प्रकल्पात जाऊ नका. त्यांच्या प्रजाती इतक्या अलीकडे वेगळ्या झाल्या आहेत की नेहमीचं बारकोड जनुक काही जोड्यांत फरकच दाखवत नाही. ट्रेमॅटोमस लोनबर्गी आणि ट्रेमॅटोमस लेपिडोरायनस ही त्यातली ठळक जोडी.

नावाची खातरजमा

नावं इथे देवनागरीत दिली असली तरी शोधखिडकीत ती रोमन लिपीतच टाकावी लागतात. उच्चारावरून स्पेलिंग जुळवू नका. फिशबेस या माशांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावरून नक्कल करून घ्या. मग तेच नाव वर्म्स या सागरी प्रजातींच्या नोंदवहीत टाका आणि तीन गोष्टी लिहून ठेवा: आजचं मान्य नाव, सगळी जुनी नावं, आणि वर्म्सचा प्रजाती क्रमांक. हा क्रमांक पुढे ओबिस या सागरी नोंदींच्या भांडारावर थेट चालतो.

जुनी नावं का? कारण भांडारातली जुनी नोंद जुन्या नावानेच पडून असू शकते. प्लुराग्रामा अंटार्क्टिका हे नाव आधी अंटार्क्टिकम असं लिहिलं जाई. लिंग जुळवून ते नंतर बदललं. अलास्का पोलॉक कालपरवापर्यंत थेराग्रा वंशात होता, आता गाडसमध्ये आहे. पॅगोथेनिया बोर्खग्रेविंकी काही अभ्यासक ट्रेमॅटोमसमध्ये घालतात. एकाच नावाने शोध घेतला तर अर्धा माल हातातून निसटतो आणि निसटला हे कळतही नाही.

सर्वसाधारण नावांवर तर मुळीच विसंबू नका. बोरिओगाडस सायडाला युरोपात ‘पोलर कॉड’ म्हणतात आणि उत्तर अमेरिकेत ‘आर्क्टिक कॉड’. आर्क्टोगाडस ग्लेशियॅलिस हा त्याचा वेगळा भाऊबंद, आणि त्याला युरोपात ‘आर्क्टिक कॉड’ म्हणतात! कॅनडाचा लेख आणि नॉर्वेचा लेख शेजारी ठेवून वाचणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

आढळाच्या नोंदी: उतरवणं आणि चाळणं

नोंदी दोन ठिकाणांहून घ्या, जीबीआयएफ (सगळ्या जिवांच्या आढळाच्या नोंदींचं जागतिक भांडार) आणि ओबिस. जीबीआयएफवर खातं उघडून उतरवलं की त्या उतरवणीला स्वतःचा डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो. तो तारखेसकट वहीत लिहा. परीक्षकाने विचारलं की हाच पुरावा. उतरलेली फाइल ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. काम करायचं ते नकलेवर. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडू नका, काही आकडे तारखा होऊन बसतात; ‘डेटा’ मेनूतून आयात करा, किंवा सरळ आर ही संगणकभाषा वापरा. आरमध्ये आरजीबीआयएफ आणि रॉबिस ही पॅकेजेस दोन्ही भांडारांशी थेट बोलतात.

चाळणीचा क्रम असा ठेवा. अक्षांश-रेखांश नसलेल्या नोंदी बाजूला. ‘अनुपस्थित’ असा शेरा असलेल्या नोंदी वेगळ्या तक्त्यात. जाळं टाकलं आणि मासा मिळाला नाही ही माहिती मोलाची आहे, पण ती आढळ म्हणून मोजली की नकाशाच उलटा होतो. जीवाश्म वगळा. मग नोंदीचा आधार आणि शेरे हे रकाने डोळ्यांनी वाचा. बोरिओगाडसच्या बाबतीत नोंद पक्ष्याच्या किंवा सीलच्या पोटातून निघालेल्या, माशाच्या कानातल्या खड्यांवरूनही केलेली असू शकते. तो मासा पक्ष्याने कुठे धरला आणि पक्षी कुठे सापडला, या दोन वेगळ्या जागा आहेत. अशा नोंदी काढा.

त्यानंतर एकच नोंद दोनदा आली आहे का ते पाहा. ओबिसमधला बराच माल जीबीआयएफमध्येही असतो. प्रजाती, तारीख, तीन दशांशांपर्यंतचे अक्षांश-रेखांश आणि खोली हे चारही जुळले तर एक ठेवा, बाकी काढा.

आता जागा. ही पायरी सावकाश करा, कारण खरी गडबड इथेच असते.

पहिली चूक अंश-मिनिटांची. बडोद्याचा अक्षांश २२ अंश १८ मिनिटं. दशांशात तो २२.३० होतो, कारण १८ भागिले ६० म्हणजे ०.३०. घाईत कुणी २२.१८ लिहिलं की बडोदा तेरा किलोमीटर दक्षिणेला, पोरच्या रस्त्यावर जाऊन बसतं. जहाजांच्या जुन्या नोंदवह्या अंश-मिनिटांतच असत. ओळखायची खूण सोपी: एखाद्या संचातल्या सगळ्या नोंदींचा दशांश भाग ०.६० च्या आतच असेल तर तो संच संशयास्पद धरा.

दुसरी चूक ऋण चिन्हाची. अंटार्क्टिकातलं अमेरिकेचं मॅकमर्डो स्थानक ७७.८५ दक्षिण, १६६.६७ पूर्व. उणे चिन्ह गळलं की तिथला मासा सैबेरियाच्या उत्तरेला आर्क्टिक महासागरात पोहायला लागतो.

तिसरी चूक सगळ्यात लबाड: रकान्यांची अदलाबदल. भारताचं भारती स्थानक अंदाजे ६९.४ दक्षिण, ७६.२ पूर्व इथे आहे. अक्षांशाच्या जागी ७६.२ आणि रेखांशाच्या जागी उणे ६९.४ पडलं तर बिंदू जातो ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यापाशी, बॅफिनच्या उपसागरात. जागा ध्रुवीय, पाणी समुद्राचं, आकडे मर्यादेत. कोऑर्डिनेटक्लीनर हे आरचं पॅकेज शून्य-शून्यवर पडलेले, देशांच्या मध्यबिंदूवर किंवा संग्रहालयाच्या पत्त्यावर ठेवलेले बिंदू छान पकडतं, पण हा बिंदू त्याला पकडता येत नाही. त्याला एकच उपाय: प्रजातीचा ध्रुव आणि अक्षांशाचं चिन्ह जुळतं का ते पाहणारी एक ओळ स्वतः लिहा, आणि न जुळणारी प्रत्येक नोंद हाताने तपासा.

जागेची अनिश्चितता दिलेली असेल तर २५ किलोमीटरच्या वरच्या नोंदी नकाशाच्या कामातून वगळलेल्या बऱ्या. साल मात्र कधीही टाकून देऊ नका. बॅरेंट्स समुद्र तापतो आहे; अटलांटिक कॉड आणि हॅडॉक तिथे उत्तरेकडे सरकले आहेत आणि बोरिओगाडससारख्या थंडीच्या माशांची जागा आकसते आहे. १९७५ ची आणि २०१५ ची नोंद एकाच रंगात दाखवली तर हा सगळा बदलच पुसला जातो.

नकाशा

क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं की नेहमीचा सपाट नकाशा येतो. तो इथे निरुपयोगी. जालावरच्या नकाशांचं मर्केटर प्रक्षेपण ८५ अंशांच्या पुढे संपतंच आणि अंटार्क्टिका तळाशी पांढऱ्या पट्ट्यासारखी ताणली जाते. दाखवण्यासाठी ध्रुवीय स्टिरिओग्राफिक प्रक्षेपण घ्या: दक्षिणेला ईपीएसजी (प्रक्षेपणाचा क्रमांक) ३०३१, उत्तरेला ३९९५. मोजण्यासाठी मात्र समक्षेत्र, म्हणजे सगळीकडे क्षेत्रफळ खरं राखणारं, प्रक्षेपण हवं: उत्तरेला ६९३१, दक्षिणेला ६९३२. दक्षिणेचं काम असेल तर नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने तयार केलेला क्वांटार्क्टिका हा संच उतरवा. किनारा, समुद्रतळाची खोली, बर्फाची सीमा असे थर आयते मिळतात.

समक्षेत्राचा हट्ट का, ते एका आकड्यात दिसतं. बडोद्याच्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०३ किलोमीटर. ७८ अंशांवर तोच अंश २३ किलोमीटरांवर येतो. एक अंश बाय एक अंशाच्या चौकटी आखल्या तर ध्रुवाकडची चौकट बडोद्याच्या चौकटीच्या पाव हिश्श्याहूनही लहान पडते, आणि मग ‘उत्तरेकडे नोंदी विरळ होत गेल्या’ असा निष्कर्ष निघतो, जो निव्वळ भूमितीचा खेळ असतो. म्हणून १०० किलोमीटर बाय १०० किलोमीटरच्या चौकटी आखा.

आता यातली कळीची गोष्ट. नुसते बिंदू टाकलेला नकाशा मासे कुठे आहेत हे सांगत नाही, जहाजं कुठे गेली हे सांगतो. ध्रुवीय पाण्यात जहाजं उन्हाळ्यात जातात, बर्फ फुटलेल्या जागी जातात आणि संशोधन स्थानकांच्या आसपास घोटाळतात. म्हणून स्वाल्बार्डभोवती, बॅरेंट्स समुद्रात, मॅकमर्डोपाशी बिंदूंचा नुसता चिखल होतो. यावर उतारा असा: त्याच भागातल्या सगळ्या माशांच्या नोंदी वेगळ्या उतरवा. प्रत्येक चौकटीला तीनपैकी एक रंग द्या. आपली प्रजाती सापडली ती निळी. इतर मासे नोंदले गेले पण आपला नाही, ती पिवळी. कुठलाच मासा नोंदला गेला नाही, ती पांढरी, म्हणजे कुणी पाहिलंच नाही. पांढरी चौकट आणि पिवळी चौकट यांतला फरक परीक्षकाला दाखवता आला की अर्धा प्रकल्प जिंकलात.

वेडेल समुद्राचंच बघा. फिल्शनर भागात २०२१ मध्ये कॅमेरा ओढत नेणाऱ्या जहाजाला निओपॅजेटॉप्सिस आयोना या आइसफिशची घरटी दिसली. सुमारे २४० चौरस किलोमीटरवर, अंदाजे ६ कोटी. तोवर नकाशावर तिथे जवळजवळ काही नव्हतं.

पिवळ्या चौकटीलाही डोळे झाकून ‘नाही’ म्हणू नका. तळावर ओढलेल्या जाळ्यात मधल्या पाण्यातला प्लुराग्रामा कमीच येणार. शक्य तिथे अवजाराचा रकाना बघा.

सिक्वेन्स गोळा करणं

जेनबँक या सिक्वेन्सच्या सार्वजनिक भांडाराच्या न्यूक्लिओटाइड विभागात प्रजातीचं नाव आणि जनुकाचं नाव टाकून शोधा. सीओआय जनुक तिथे तीन-चार प्रकारे लिहिलेलं असतं, सीओआय, सीओ१, सीओएक्स१ वगैरे. सगळे ‘किंवा’ने जोडा. शिवाय बोल्ड या बारकोड भांडारातूनही उतरवा. तिथल्या नोंदीसोबत बहुधा नमुन्याचा क्रमांक, तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे ते आणि कधी फोटोही असतो. प्रत्येक सिक्वेन्ससाठी फास्टा फाइल (नाव आणि नुसती अक्षरं) तर घ्याच, पण पूर्ण जेनबँक नोंदही घ्या, कारण अक्षांश-रेखांश, प्रदेश आणि नमुना क्रमांक त्यातच असतात.

जागेची माहिती नसलेला सिक्वेन्स प्रजाती ओळखायला चालतो, वितरणाच्या अभ्यासाला चालत नाही. सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तो महीच्या मुखाशी लागला होता हे माहीत आहे म्हणून तो आढळाची नोंद ठरतो. ते माहीत नसतं तर ती नुसती हाडं. इथेही तोच न्याय लावा, भले त्यापायी निम्मे सिक्वेन्स गळाले तरी.

आता एक खड्डा, ज्यात बहुतेक सगळे पडतात. बरेच संशोधक जेनबँकेत प्रत्येक हॅप्लोटाइप, म्हणजे सिक्वेन्सचं एकेक वेगळं रूप, एकदाच जमा करतात. समजा त्यांनी ६० मासे तपासले आणि ७ हॅप्लोटाइप मिळाले, तर भांडारात दिसतात फक्त ७ सिक्वेन्स. तुम्ही ते ७ मासे समजून हॅप्लोटाइप विविधता काढली की उत्तर येतं बरोबर १.०, म्हणजे कमाल. आकडा इतका गोंडस असतो की कुणी शंका घेत नाही. ओळखायचं कसं? एका अभ्यासातले सगळे सिक्वेन्स एकमेकांपासून वेगळे असतील, किंवा त्यांची नावं ‘हॅप १, हॅप २’ अशी असतील, तर मूळ लेख उघडा, कुठल्या जागी कुठला हॅप्लोटाइप किती माशांत मिळाला याचा तक्ता शोधा आणि तितक्या प्रती फाइलमध्ये घाला. तक्ता मिळाला नाही तर तो संच विविधतेच्या गणितातून बाद.

जुळवणी आणि तपासणी

सगळे सिक्वेन्स मेगा या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. माशांच्या बारकोड भागाची लांबी ६५० अक्षरांच्या आसपास असते. ५०० हून छोटे काढून टाका. ही शिस्त नुसती नीटनेटकेपणासाठी नाही: डीएनएसपी हे सॉफ्टवेअर ज्या जागी एका जरी सिक्वेन्समध्ये अक्षर गहाळ असेल ती जागा सगळ्यांच्याच गणतीतून वगळतं. ४०० अक्षरांचा एक आळशी सिक्वेन्स आत राहिला तर बाकी सगळ्यांची ६५० अक्षरं ४०० वर येतात. अनिश्चित अक्षरं एक टक्क्याहून जास्त असलेलेही बाहेर.

उलट्या दिशेने नोंदलेले सिक्वेन्स सरळ करून घ्या. मग जुळवणी, म्हणजे सगळे सिक्वेन्स अक्षराखाली अक्षर लावणं: मेगातलं मसल किंवा वेगळं मॅफ्ट, काहीही चालेल. सीओआयच्या या भागात रिकाम्या जागा पडता कामा नयेत. पडल्या तर तो सिक्वेन्स खराब आहे असंच धरा. मायटोकॉन्ड्रियाच्या नियंत्रक भागावर काम करत असाल तर रिकाम्या जागा येणारच, पण तो वेगळा खेळ आहे.

त्यानंतर भाषांतर: मेगामध्ये जनुकीय संकेत ‘पृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रिया’ निवडा आणि अमिनो आम्लांत रूपांतर करा. नेहमीचा संकेत निवडून ठेवलात तर जागोजागी तारका, म्हणजे थांब-खुणा दिसतील, कारण नेहमीच्या संकेतात टीजीए म्हणजे थांब आणि मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. संकेत बरोबर असूनही तारका दिसल्या तर वाचनाची चौकट एक-दोन अक्षरांनी सरकवून पाहा. तरीही राहिल्या, तर तो केंद्रकात जाऊन पडलेला जनुकाचा मृत तुकडा किंवा वाईट वाचन. काढा.

शेवटची चाचणी ओळखीची. आपल्या प्रजातीसोबत तिचे जवळचे नातलग घालून साधं नेबर-जॉइनिंग झाड काढा. बोरिओगाडससोबत आर्क्टोगाडस, गाडस मॉरुआ आणि गाडस कॅल्कोग्रामस पुरेत. ‘बोरिओगाडस’ नावाचा एखादा सिक्वेन्स आर्क्टोगाडसच्या फांदीवर बसला, तर बहुधा मासा ओळखण्यात चूक झाली आहे. तो काढा, पण काढल्याची नोंद ठेवा. अंतराचा अंदाज यावा म्हणून: ऑस्ट्रेलियातल्या माशांवरच्या २००५ च्या गाजलेल्या बारकोड अभ्यासात एकाच प्रजातीत सरासरी ०.३९ टक्के आणि एकाच वंशातल्या दोन प्रजातींत ९.९३ टक्के फरक मिळाला होता. ध्रुवावर या दुसऱ्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. वर सांगितलेल्या ट्रेमॅटोमसच्या जोडीत तो जवळपास शून्यावर येतो.

गणित, एकदा हाताने

सॉफ्टवेअरने दिलेला आकडा समजायचा असेल तर एक उदाहरण कागदावर सोडवा. एका जागेचे २० मासे. पाच हॅप्लोटाइप, त्यांची संख्या १२, ४, २, १, १.

हॅप्लोटाइप विविधता: दोन मासे आंधळेपणाने उचलले तर ते वेगळे निघण्याची शक्यता. प्रमाणं ०.६, ०.२, ०.१, ०.०५, ०.०५. त्यांचे वर्ग ०.३६, ०.०४, ०.०१, ०.००२५, ०.००२५, बेरीज ०.४१५. एकातून वजा केले, ०.५८५. नमुना छोटा असल्याची दुरुस्ती म्हणून २० भागिले १९ ने गुणायचं: ०.६१६.

न्यूक्लिओटाइड विविधता: ते दोन मासे सरासरी किती अक्षरांनी वेगळे. समजा बाकीचे चारही हॅप्लोटाइप मधल्या मोठ्या हॅप्लोटाइपपासून एकेका अक्षराने, पण वेगवेगळ्या जागी, वेगळे आहेत. एकूण जोड्या १९०. मोठा आणि बाकीचे अशा १२ गुणिले ८, म्हणजे ९६ जोड्या, प्रत्येकी एक फरक. बाकीच्यांच्या आपसातल्या वेगळ्या जोड्या २१, प्रत्येकी दोन फरक, म्हणजे ४२. बेरीज १३८. १३८ भागिले १९० म्हणजे ०.७२६ अक्षरं, आणि ६५० ने भागलं की ०.००११.

पहिला आकडा बरा मोठा, दुसरा इवलासा. हॅप्लोटाइपना वर्तुळं मानून चित्र काढलं तर मधे मोठं वर्तुळ आणि भोवती एकेका पावलावर छोटी वर्तुळं, असं चांदणीसारखं जाळं. थोड्या माशांपासून अलीकडे पसरलेल्या समूहाची ही खूण मानतात, आणि ध्रुवीय माशांत ती अपेक्षितही असते: सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, अंटार्क्टिकाच्या उथळ पट्ट्याचा बराच भाग जमिनीला टेकलेल्या बर्फाखाली होता, तळावरच्या माशांना राहायला जागाच थोडी उरली होती.

इथेच थांबून ‘समूह पसरला’ असं लिहून टाकायचा मोह होतो. आधी ताजिमाचा डी (अपेक्षित आणि प्रत्यक्ष फरकांची तुलना करणारी चाचणी) काढा. या उदाहरणात बदललेल्या जागा ४, त्यावरून अपेक्षित फरक १.१३, प्रत्यक्ष ०.७३, आणि डी येतो सुमारे उणे १.०. चिन्ह ऋण आहे, पण २० माशांसाठी ते साधारण उणे १.८ च्या खाली जायला हवं. म्हणजे कल दिसतो, पुरावा नाही. अहवालात हेच, याच शब्दांत लिहायचं.

जाळं आणि जागांची तुलना

हॅप्लोटाइपचं जाळं पॉपआर्ट या सॉफ्टवेअरमध्ये काढा, मीडियन-जॉइनिंग पद्धतीने. त्याला लागणाऱ्या नेक्सस फाइलच्या शेवटी कुठला सिक्वेन्स कुठल्या जागेचा याचा तक्ता जोडावा लागतो. पॉपआर्ट इथेच अडतं, आणि दहापैकी नऊ वेळा कारण एकच: सिक्वेन्सच्या नावात रिकामी जागा किंवा कंस. नावं छोटी ठेवा, अक्षरं, आकडे आणि खालची रेघ, बस्स.

जागांचे गट जाळं बघण्याआधी ठरवा, समुद्र आणि प्रवाहांवरून. जाळ्यात जे वेगळं दिसलं त्याला गट म्हणायचं आणि मग तो गट वेगळा आहे हे सिद्ध करायचं, हे म्हणजे बाण मारून मग भोवती लक्ष्य रंगवणं. प्रत्येक गटात वीसेक मासे असावेत. दहाच्या खाली तुलना करू नका. एफएसटी (गटागटांतल्या जनुकीय फरकाचं माप) आर्लेक्विन या सॉफ्टवेअरमध्ये काढा, १०,००० अदलाबदलींसह. ऋण उत्तर आलं तर ते शून्य समजा. पाच जागा असतील तर जोड्या दहा होतात, म्हणून पी-मूल्याची ०.०५ ची मर्यादा दहाने भागून ०.००५ धरा.

आता अर्थ लावताना. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतो, तेव्हा तुम्हाला दिसते ती फक्त मादीची वंशावळ. एफएसटी शून्याजवळ आला म्हणून ‘एकच साठा’ असं म्हणू नका; पिढीला मोजके मासे जरी इकडून तिकडे गेले तरी जनुकांतला फरक पुसला जातो, मासेमारीच्या हिशेबात मात्र ते दोन साठेच राहतात. उलट फरक आला तर आधी पाण्यातली भिंत शोधा. पॅटागोनियन टूथफिशमध्ये साउथ जॉर्जियाभोवतीचे मासे फॉकलंडच्या बाजूच्या माशांपासून मायटोकॉन्ड्रियात स्पष्ट वेगळे निघाले, आणि दोघांच्या मधून ध्रुवीय सीमाप्रवाह जातो.

तिसरी शक्यता नैसर्गिक निवडीची. अटलांटिक कॉडमध्ये स्थलांतर करणारे आणि किनाऱ्यालाच राहणारे मासे गुणसूत्रावरच्या एका उलटलेल्या तुकड्यात ठळक वेगळे दिसतात, बाकी जनुकात फारसे नाहीत. एका जनुकावरून सगळ्या माशाबद्दल बोलू नये, ते यासाठी.

आणि सारखेपणा म्हणजे नातं, हेही ध्रुवावर खरं नाही. समुद्राचं पाणी उणे १.९ अंशाला गोठतं, साध्या समुद्री माशाचं रक्त त्याआधीच, उणे १ च्याही वर. नोटोथेनिऑइडनी आणि उत्तरेतल्या कॉडनी यावर जवळजवळ तंतोतंत सारखं गोठणरोधक ग्लायकोप्रोटीन घडवलं. दक्षिणेत ते पाचक रसाच्या ट्रिप्सिनोजेन जनुकातून आलं, उत्तरेत प्रथिन न बनवणाऱ्या डीएनएतून. म्हणून नातं ठरवायला हे जनुक वापरू नका.

हात बसवायला बाजारची मासळी

खरे ध्रुवीय नमुने हवे असतील तर रस्ता गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून जातो. अंटार्क्टिकातून काही गोळा करायला २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याखाली परवानगी लागते. तोवर प्रयोगशाळेचा सराव बाजारातल्या पापलेट-बोंबलावर करा. सीओआयचे प्रायमर तेच, पद्धत तीच.

त्वचेखालचा स्नायू २० ते २५ मिलिग्रॅम. जास्त घेतलं तर डीएनए वाढत नाही, डीएनए वेगळं करायच्या किटची गाळणी तुंबते. ९५ टक्के इथेनॉल ऊतीच्या दहापट, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचं, कारण मासळीतलं पाणी सुटून ते पातळ होतं. बोंबलात तर फारच. फॉर्मालिनला लावलेला मासा घेऊ नका. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं): ९५ अंशाला दोन मिनिटं, मग ९४ ला अर्धा मिनिट, ५४ ला अर्धा मिनिट, ७२ ला एक मिनिट अशी ३५ आवर्तनं, शेवटी ७२ ला दहा मिनिटं. मे महिन्यात एन्झाइम फ्रीजरमधून काढून टेबलावर ठेवायचं नाही, बर्फाच्या डब्यातच. जेलवर ६५० ते ७०० च्या मधे एकच पट्टा हवा. आणि पाणी घातलेल्या कोऱ्या नळीतही पट्टा दिसला, तर त्या दिवसाच्या सगळ्या नळ्या फेकून नवं पाणी, नवे टिप घेऊन पुन्हा लावा.